आज पुन्हा पिशवी फाटली

१० फेब्रुवारी, सोमवार

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची कुणी यादी ठेवत असेल, तर त्यानं आज सकाळी सव्वासहाची नोंद घ्यावी. हर्सूलच्या या गल्लीत माझी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फाटलेली आली. फाटलेली म्हणजे अगदी रीतसर, खालच्या कोपऱ्यात. गेटपासून तिसऱ्या पायरीपर्यंत दुधाची धार आणि त्या धारेवर मुंग्यांची आमसभा. बदलीच्या गावी, नव्या घरातला पहिला चहा काळा प्यायचा असेल, तर निदान आधी नोटीस तरी द्यावी.

चौकशी केली. दूध टाकणारे फकिरा साठीचे आहेत, लुनावर येतात, आणि गेटच्या खिळ्याला पिशवी लटकवून जातात. खिळा काढा म्हटलं, तर म्हणाले, मॅडम, वीस वर्षांपासून याच खिळ्याला लटकवतोय, आजपर्यंत खिळ्याची तक्रार आली नाही. म्हणजे चूक पिशवीची. सरकारी कार्यालयात चोवीस वर्षं काढलेल्या बाईला हा युक्तिवाद ओळखीचा वाटला. मी नमस्कार केला.

बाकी घर छान आहे. वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या दारातून थेट जिना. खाली घरमालकीण कडूबाई एकट्याच राहतात. वय सत्तरीकडे, आवाज पंचविशीचा. पोरगी टिकावी म्हणून आईबापांनी नाव कडू ठेवलं, आणि टिकली बघा, असं त्यांनीच सांगितलं. काळ्या चहाची बातमी ऐकून वाटीभर दूध घेऊन वर आल्या. स्टीलची वाटी, बुडाला नाव कोरलेलं. वाटी सावकाश द्या म्हणाल्या, पण द्या.

राजेंद्रना फोन करून सांगितलं, पिशवी फाटली. ते तिकडे घरी, लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कांद्याच्या लिलावात उभे होते. म्हणाले, मग दुसरी आण. अठरा वर्षांच्या संसारात नवऱ्यानं इतका अचूक सल्ला पहिल्यांदाच दिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा पिशवी फाटली. पुन्हा फोन. पुन्हा ‘मग दुसरी आण.’ आता ही आमची सकाळची आरतीच झालीय. मी फोन केला नाही, तर त्यांना चहा जात नाही म्हणे.

आज पाण्याचा दिवस होता. इथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, वेळ त्याची मर्जी. आलं की सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या दीड तासात कुणी कुणाला मेल्याची बातमी सांगितली, तरी समोरचा म्हणेल, हो, माझीपण टाकी भरत आली. कडूबाई नळी धरून अंगणात ओरडत होत्या, मी वरून ओरडत होते. दोघींनाही एकमेकींचा एक शब्द कळला नाही, गप्पा मात्र छान झाल्या.

दुपारी त्या वाकळ शिवतात. गोधडी म्हटलं की रागावतात. जुनी लुगडी, नवऱ्याचं धोतर, काहीही. आधी कापड दातांनी चिरायचं, मग दोन्ही हातांनी ओढायचं. टर्र. वर खोलीत तो आवाज माझ्या पायाखालून येतो. दचकायला होतं.

खाली जाऊन बसले थोडा वेळ. जुन्या शिवणीपाशी त्या सुई चालवत नाहीत, बाजूनं वळसा घेतात. का, विचारलं. म्हणाल्या, टाका घातलेलं कापड बाई, वरून लई मजबूत दिसतं. पण फाटतं ते तिथंच. ताण आला की टाक्याच्या कडंनं.

वाटी द्यायची राहिलीच. रिकामी कशी देणार? आईची शिकवण, शेजारणीचं भांडं रिकाम्या हातानं परतू नये. आणि दूध भरून द्यावं, तर आमच्याकडे दूध पायऱ्या पितात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कार्यालयात दोन दिवसांत मला एक खुर्ची, दोन कपाटं आणि चार शत्रू मिळाले. प्रगती समाधानकारक आहे.

पाळी दोन आठवडे लांबलीय. वय त्रेचाळीस, म्हणजे ती आता निरोप न घेता गेली असं धरायला हरकत नाही. तिच्या भरवशावर मुलासाठी इतकी वर्षं काय काय केलं. उपास, सोमवार, इंजेक्शनं, सहा वर्षांपूर्वी मुठीएवढी गाठ काढण्याचं ऑपरेशन. बया शेवटी साधा रजेचा अर्जही न टाकता गेली. पेपरातल्या माझ्या शनिवारच्या सदरासाठी विषय बरा आहे, पण संपादक छापणार नाही. त्याला ‘हलकंफुलकं’ हवं असतं.

सकाळी उलटी झाली. कार्यालयातल्या कँटीनचा वडा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वडा नव्हता.

सुट्टी होती. औषधाच्या दुकानातून ती पट्टी आणली, फक्त शंकेचं तोंड बंद करायला. दोन रेघा. खिडकीत नेऊन पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. पुन्हा दुकानात गेले, दुसऱ्या कंपनीची आणली. दोन रेघा.

मी, जी लोकांच्या बारशांवर आणि डोहाळजेवणांवर पंधरा वर्षं टिंगल लिहून पोट भरत आले, न्हाणीघरात बादली उलटी घालून बसले आणि रडले. हे कुठं छापायचं नाही.

राजेंद्रना फोन केला. ते म्हणाले, काय, पिशवी फाटली का? मी सांगितलं ते. पलीकडं लिलावाचा कालवा चालू होता. मग म्हणाले, मी खाली बसलोय, थांब. मोंढ्यात, कांद्याच्या ढिगावर.

संध्याकाळी सासूबाई मुक्ताबाईंचा फोन. त्यांनी एकच गोष्ट सात वेळा बजावली. तीन महिने भरेपर्यंत कुणाला कळता कामा नये. घरमालकिणीला नाही, कार्यालयात नाही, सावलीलासुद्धा नाही. नजर लागते. एरवी मी या नजरेवर दोन कॉलम लिहिले असते. आज निमूटपणे हो म्हटलं. अठरा वर्षांनी दार वाजलंय. कोण असेल ते असो, आवाज करायची हिंमत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

क्रांती चौकाजवळ एक दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंचं नाव मेघा, माझ्या भाचीच्या वयाची. मला ताई म्हणते. सोनोग्राफीच्या पडद्यावर राखाडी धुकं होतं आणि त्यात एक दाणा लुकलुकत होता. ठोके आहेत, ती म्हणाली. मी त्या दाण्याकडं बघत बसले. ती मात्र दाण्याकडं बघत नव्हती. दाण्याच्या बाजूला बघत होती, यंत्र पोटावर तिथंच पुन्हा पुन्हा फिरवत होती. कपाळाला आठी.

विचारलं, गाठ काढली तेव्हा आतपर्यंत कापलं होतं का? टाके किती खोल? मला काय माहीत. मी तेव्हा झोपलेली. जुने कागद लासूरला आहेत. म्हणाली, मागवून घ्या, आठवड्याच्या आत या, जड काही उचलू नका.

येताना रिक्षात एकदा मनाशी म्हणून पाहिलं, आई. हसू आलं. मग ती आठी आठवली.

३ मार्च, सोमवार

नीट लिहून ठेवते. नीट लिहिलं, की निम्मं भय जातं, असा माझा आजवरचा अनुभव.

डॉक्टर मेघानं जुने कागद दोनदा वाचले. पुन्हा तपासलं. मग कागदाच्या पाठीवर उलट्या पेरूसारखं चित्र काढलं. ताई, ही तुमची पिशवी. इथं वरच्या कोपऱ्यात गाठ होती, हे टाके. गर्भानं मधे बसायला हवं. तो बसलाय इथं. जुन्या टाक्यांत. आत रुतत चाललाय. आणि तिथली भिंत — तिनं तोच कागद उचलून उजेडात धरला. पलीकडून तिची बोटं दिसत होती.

मी विनोद करून पाहिला. म्हटलं, एवढी दोन खोल्यांची जागा आणि भाडेकरू नेमका भेगेत राहायला आला. ती हसली नाही.

तिनं स्पष्ट सांगितलं. हे मूल वाढणार नाही. वाढलं, तर भिंत फाडून वाढेल. चौथा, पाचवा महिना लागेल असंही नाही, आता कधीही. पिशवी फाटली, तर रक्त बाहेर दिसणार नाही, आतल्या आत पोटात साठेल. उद्याच्या उद्या भरती व्हा, यजमानांना बोलवा. मी म्हटलं, शनिवारी येते. ती म्हणाली, उद्या. मी म्हटलं, शनिवारी. ते येतात शनिवारी, लिलाव सोडून एरवी येता येत नाही. हे खोटं आहे. सांगितलं, तर ते चालत येतील.

मला चार दिवस हवे होते. त्या दाण्याबरोबर चार दिवस, बस.

तिनं नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आणि खाली तीन गोष्टी. पोटात एकदम कळ. डोळ्यांपुढं अंधारी. खांदा दुखणं. खांदा का, विचारलं. म्हणाली, पोटात रक्त साठलं, की खांद्यात कळतं. त्याला चमक समजू नका. कशाचीही वाट बघू नका. आणि घरात कुणाला तरी सांगून ठेवा.

राजेंद्रना फोनवर एवढंच म्हटलं, डॉक्टर काळजी घ्या म्हणाल्या.

कुणाला सांगितलं नाही. तीन महिने व्हायचेत.

४ मार्च, मंगळवार

पिशवी फाटली. दुधाची. आता हा शब्द लिहितानाच हात थांबतो.

फोन केला, त्यांनी म्हटलं, मग दुसरी आण. मला हसता आलं नाही. त्यांनी विचारलं, काय गं, बरी आहेस ना? म्हटलं, ॲसिडिटी.

रजा टाकलीय. दुपारी खालून टर्र. मी पोटावर हात ठेवून पलंगावर बसून होते. पुन्हा टर्र. कडूबाईंना आज थांबवावं वाटलं. काय सांगून थांबवणार?

५ मार्च, बुधवार

जिना उतरताना कठडा धरून उतरते. शिंक दाबते. खोकला दाबते. काल रात्रभर एका कुशीवर, हलले नाही. हललं, तर ताण येईल. ताण आला, की टाक्याच्या कडंनं —

कडूबाई पायरीवर बसल्या होत्या. माझ्याकडं टक लावून बघितलं. म्हणाल्या, मॅडम, तोंड पांढरं पडलंय तुमचं. काय असंल तर सांगा. मी काय नजर लावणारी बाई हाय व्हय? मला लई वाटलं सांगावं. तोंड उघडलं. पण मुक्ताबाईंचा सात वेळचा आवाज. म्हटलं, कँटीनचं खाणं बाधतंय. त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळानं ओवा आणि काळं मीठ घेऊन वर आल्या. जाताना म्हणाल्या, वाटी तुमच्याकडंच हाय बरं माझी. मागत नाय. आठवण देते.

त्यांनी वाकळीच्या तुकड्यांची एक छोटी थैली शिवलीय. दुधासाठी. खिळ्याला थैली, थैलीत पिशवी. फकिरांना दम देणार आहेत.

एवढ्या चांगल्या बाईशी खोटं बोलले.

६ मार्च, गुरुवार

संपादकाला महिला दिनासाठी हलकंफुलकं हवं होतं. पाठवलं. विषय: फाटकी दुधाची पिशवी. शनिवारी छापून येईल. लोक हसतील.

मला आता आत ऐकू येतं. डॉक्टर म्हणेल, असं ऐकू येत नसतं. पण येतं. कापड दातांनी चिरण्याआधी जसा बारीक आवाज होतो. एक-एक धागा.

तो दाणा निर्दोष आहे, हे लिहून ठेवते. त्याला जिथं ऊब मिळाली, तिथं बसला. त्याला काय माहीत टाके.

संध्याकाळपासून उजवा खांदा — उशी बदलली पाहिजे. उशीच.

थोडाच दुखतो.

उद्या सकाळीच जाते. शनिवारपर्यंत नको. ठरलं. राजेंद्रना सकाळी सगळं सांगते.

७ मार्च, शुक्रवार

पावणेआठ. आज पिशवी शाबूत आली. थैलीत, थेंब न सांडता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पातेल्यात काढून खालच्या फळीवर ठेवली, तापवायची आहे. राजेंद्रना फोन करायचा. दहा वाजता रिक्षा सांगितलीय. खांदा बरा आहे.

पिशवी भरतेय. कपड्यांची. दोन साड्या, टॉवेल, जुने कागद.

नळाला पाणी आलं. मोटारी सुरू.

सव्वानऊ

फाटलं.

ओट्यापाशी उभी होते. आवाज झाला. खरंच झाला. मग सुरीसारखं — खाली बसले. पडले नाही, बसले. साडीवर रक्त नाही. एक थेंब नाही. ती म्हणाली होती.

राजेंद्रना लावला. लिलाव चालला होता. मी म्हटलं, पिशवी फाटली. ते हसले. म्हणाले, आज उशिरा का गं फोन? मग दुसरी आण. मी म्हटलं, अहो, नाही, पिशवी — कुणीतरी भाव पुकारला. ठेवला त्यांनी.

माझीच आरती. माझाच विनोद —

डॉक्टरचा नंबर. लागला. तिनं एका श्वासात विचारलं, खांदा? हो. कालपासून? हो. ती रागावली नाही, त्याचीच भीती वाटली. ॲम्ब्युलन्स निघाली. झोपून राहा, पाणी पिऊ नका, दार उघडं ठेवा, खालच्यांना बोलवा. जाग्या राहा, बोलत राहा कुणाशी तरी.

कडूबाई, कडूबाई. चार वेळा ओरडले. खाली नळी, मोटार. गल्लीभर मोटारी. माझा आवाज मलाच येत नाही.

बोलायला कुणी नाही म्हणून लिहितेय. जागी राहायला.

नऊ चोवीस

पोट घट्ट होतंय. फुगतंय. खांदा दोन्हीकडं. हात गार. अक्षर वाकडं येतंय, माफ —

दार सरपटत उघडलं. जिना दिसतो. पायऱ्या. उतरणं होणार नाही.

कडूबाईंना सांगितलं असतं, तर त्या मोटार बंद करून कान देऊन बसल्या असत्या. तशाच आहेत त्या. नजर लावणारी नाही ती बाई. नजर ठेवणारी होती.

अंधारी येते, जाते.

फोनवर उजेड. राजेंद्र. मेसेज.

‘कुठली पिशवी?’

कळलं त्यांना. कळलं — फोन वाजतोय. ओट्याखाली सरकलाय, हात पुरत नाही. वाजू दे. वाजतोय, म्हणजे निघाले असतील. कांदा टाकून.

दाण्या, तुझ्यावर राग नाही.

नऊ तीस असेल

पातेलं हाताशी. वाटीही इथंच, खालच्या फळीवर. बुडाला नाव. कडूबाई.

दूध तापवायचं राहिलं. कच्चंच. चालेल त्यांना.

सांडलं नाही. काठोकाठ.

उंबऱ्यापर्यंत ढकलली. जिन्याच्या वरच्या पायरीवर. वर येणारं कुणीही असो, आधी दिसेल.

रिकामी नाही दिली, बाई. वाटीभर घेतलं होतं, वाटीभर —